कामठी रोडवरचा बर्फ

"गाडी घसरते म्हणजे काय होतं? घर्षण कमी पडतं. बस! त्यात घाबरण्यासारखं काहीही नाही."

शामलाबाईंनी पोळी उलटता उलटता हे इतक्या शांतपणे सांगितलं, की आता घर्षणाचीच धडगत नाही असं गोपाळरावांना वाटलं.

शामलाबाईंनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. वरणात हिंग टाकतानाही परीक्षानळीत आम्ल सोडतोय अशा बेतानं टाकायच्या. घरात गाडी चालवायची ती त्यांनीच. गोपाळरावांनी उमेदीच्या काळात एकदा शिकून पाहिलं होतं. पण रामदासपेठेतली एक कम्पाउंडची भिंत अचानक मध्ये आली, आणि तेव्हापासून ते शेजारी बसून हॉर्न कधी वाजवायचा तेवढं सांगत.

घोर लावला होता लेकीच्या फोननं. उन्नती कॅनडात, विनिपेगच्या बाहेर राहायची. जानेवारीत तिचं बाळंतपण. शामलाबाई जाणारच होत्या. डिंकाचे लाडूसुद्धा बांधून झाले होते. तेवढ्यात जावई अश्विन स्वतःच्याच दारातल्या बर्फावरून घसरला आणि पाय मोडून बसला.

"मग दवाखान्यात तुला नेणार कोण?" शामलाबाईंनी विचारलं.

"गाडी आहे न आई."

"कोणती?"

"लालच. दुसरी कुठून आणू?"

ती लाल गाडी शामलाबाईंनी फोटोत पाहिली होती. अश्विननं भर उन्हाळ्यात हौसेनं घेतलेली स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जवळजवळ निजावंच लागे. इंजिन पुढं, पण सगळी ताकद मागच्या चाकांना. "हरणासारखी पळते!" असं अश्विन सांगायचा. बर्फावर हरणाचे मागचे पाय कुठं जातात, ते त्यानं सांगितलं नव्हतं.

"तू कायले टेन्शन घेते?" उन्नती म्हणाली. "ॲम्ब्युलन्स येते. नाहीतर मैत्रीण येईल."

"आणि त्याच दिवशी बर्फाचं वादळ आलं तर?"

"तर… पाहू न!"

या 'पाहू न'नं शामलाबाईंची झोप उडवली. 'पाहू न' म्हणून त्यांनी आयुष्यात एकही प्रयोग केला नव्हता. त्या कुशीवरून कुशीवर वळायच्या आणि डोळे मिटले की लाल गाडी आडवी होऊन घसरत जायची. आत उन्नती! शेवटी त्यांनी ठरवलं. पाहुण्याला तिकडे आपल्या लायसन्सवर काही दिवस गाडी चालवता येते, हे त्यांनी अश्विनकडून पक्कं करून घेतलं. उरला प्रश्न सरावाचा.

नागपुरात बर्फ आणायचा कुठून? डिसेंबरात लोक कानाला मफलर गुंडाळून "लय थंडी हाय बाप्पा!" म्हणतात खरे, पण वाटीतलं तूपही धड गोठत नाही. शामलाबाईंनी विचार केला आणि उत्तर काढलं : ओली काळी माती. तिच्यावर चाक ठेवलं की घर्षण रजेवर जातं.

घरची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, ती बाद. मागच्या चाकांवर चालणारी जुनी व्हॅन होती गोपिकाबाईंकडे. गोपिकाबाई म्हणजे गोपाळरावांच्या थोरल्या बहीण. कामठीला त्यांची खानावळ, आणि व्हॅनमधून भाजीपाला यायचा.

"व्हॅन ने बापा," गोपिकाबाई म्हणाल्या, "पण माह्या गाडीसंग मी येईन."

"या न ताई! तुम्ही तर हव्याच!"

लग्न होऊन आल्यापासून भावजयीला आपण एवढ्या कधी हव्या झालो नव्हतो, हे गोपिकाबाईंच्या लगेच ध्यानात आलं. तरी त्या खुलल्या.

"मी पुढं बसते."

"छे! तुमची जागा मागं. अगदी मागच्या चाकांवर."

हा मानच असणार असं समजून गोपिकाबाई मागं जाऊन बसल्या. त्यांना जागा ऐसपैस लागत असे.

कामठी रोडच्या आत एका ले-आउटमध्ये गोपाळरावांनी प्लॉट घेऊन ठेवला होता. आजूबाजूलाही बरीच मोकळी जमीन, मधूनमधून चार घरं. शामलाबाईंनी पाण्याचा टँकर सांगून ठेवला होता. तो भोंगा वाजवत आला आणि पहिली चूक तिथंच झाली. नळ न पोचलेल्या ले-आउटमध्ये टँकरचा भोंगा वाजला की काय होतं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नसतं!

"पाणी आलं वं! पाणी आलं!"

क्षणात बादल्या, ड्रम, हंडे, बाळाचा टबसुद्धा रांगेत लागले. आणि त्या रांगेसमोर शामलाबाई टँकरवाल्याला म्हणाल्या, "सोडा. जमिनीवर सोडा."

"अवं बाई, डोस्कं ठिकाणावर हाय का?" रांगेतली पहिली बाई कडाडली. "आम्ही कधीची टँकरची वाट पाहून राहिलो, अन् तुम्ही मातीत ओतून राहिल्या?"

"मला बर्फ करायचा आहे," शामलाबाईंनी खरं ते सांगितलं.

एका म्हातारीनं गोपाळरावांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "कवापासून होऊन राहिलं असं बाईले?"

तेवढ्यात व्हॅनच्या खिडकीतून गोपिकाबाईंचं डोकं बाहेर आलं. "अवं, लेकीचं बाळंतपण हाय हिच्या! कॅनडात! जावयाचा पाय मोडला! तिथं रस्त्यावर बर्फ, अन् लेकीले दवाखान्यात हिलेच न्यायचं हाय!"

"असं सांगा न मग!" कडाडणारी बाई एकदम मऊ झाली. "बर्फ काय करून राहिले म्हणता!"

तह झाला. अर्धं पाणी बादल्यांत, अर्धं मातीत. बाया पाणी घरात ठेवून परत आल्या, आणि लग्नाला आल्यासारख्या कडेनं ओळीत उभ्या राहिल्या.

शामलाबाईंनी व्हॅन सुरू केली. सरळ जाईपर्यंत सगळं पुस्तकासारखं झालं. मग त्यांनी वळण घेतलं, आणि व्हॅनचा मागचा भाग पुढच्या भागाला भेटायला निघाला! अशा वेळी ब्रेक लावायचा नाही, हे शामलाबाईंना पाठ होतं. पायाला पाठ नव्हतं. पायानं ब्रेक दाबला आणि व्हॅन भोवऱ्यासारखी फिरली.

"हॉर्न! हॉर्न वाजव!" गोपाळराव ओरडले.

ओळीतल्या बाया डोक्यापासून पायापर्यंत काळ्या झाल्या. टँकरवाला टँकरवर चढला. व्हॅन थांबली तेव्हा सगळ्यांकडे पाठ करून उभी होती.

शामलाबाई काच खाली करून म्हणाल्या, "मागं वजन कमी पडलं. आणखी दोघी-तिघी बसल्या तर बरं होईल."

"वजन?" मागून आवाज आला. "कायचं वजन?"

इथं दुसऱ्या कुणी काहीतरी थाप मारली असती. शामलाबाईंना ते जमत नसे.

"मागच्या चाकांवर भार हवा असतो, ताई. तिकडे लोक डिकीत वाळूच्या गोण्या ठेवतात."

"म्हणजे मले तू गोणी म्हणून आणलं?"

"गोणीपेक्षा तुम्ही बऱ्या. गोणी सरकते."

गोपिकाबाई तरातरा उतरल्या. चप्पल चिखलातच राहिली. एक पाय अनवाणी ठेवून त्या प्लॉटच्या दगडावर जाऊन बसल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. "माह्या गाडीत मलेच गोणी करून राहिली! गोपाळ, बायको तुही हाय, तूच बस!"

गोपाळराव बसले. अंगानं ते उदबत्तीसारखे. व्हॅनला काही पत्ताच लागला नाही. शामलाबाईंनी गिअर टाकला, मागची चाकं जागीच गरगरली आणि हळूहळू मातीत रुतत गेली. त्यांनी पुन्हा पाय दिला. आणखी रुतली. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"असंच झालं तर?" त्या स्वतःशीच बोलल्या. "ती शेजारी कळा देत बसलेली, आणि मी अशी रुतलेली…"

खिडकी उघडी होती. दगडावर बसलेल्या गोपिकाबाईंनी ते ऐकलं. मग उठून फतक फतक करत आल्या आणि मागचं दार ओढलं.

"उन्नतीसाठी बसून राहिले. तुह्यासाठी नाही. समजलं?" मग ओळीकडे वळून त्यांनी हाक दिली, "या वं, चढा! वजन पाहिजे म्हणते मास्तरीण!"

बाया चढल्या. मांडीवर मांडी, खांद्याला खांदा. उरलेल्यांनी ढकललं. व्हॅन कण्हली, रुतलेल्या खड्ड्यातून वर आली आणि निघाली! वळण आलं. मागचा भाग सरकला. शामलाबाईंनी पाय अलगद वर घेतला, ब्रेककडे पाहिलंही नाही, आणि मागचा भाग ज्या बाजूला पळत होता त्याच बाजूला स्टिअरिंग वळवलं. व्हॅन सरळ झाली. मागून अशी शिट्टी आली, की ती गोपिकाबाईंनीच वाजवली असं कुणालाही खरं वाटलं नसतं.

"आणखी एक राउंड!" बाया ओरडल्या.

त्या गलक्यानं एक हवालदार आला.

"मॅडम, हे काय चालू आहे?"

"बर्फात गाडी चालवण्याचा सराव."

हवालदारानं सूर्याकडे पाहिलं. मग चिखलाकडे. "बर्फ कुठाय?"

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

"असं? जरा फूक मारा बरं."

हे सगळं कशासाठी ते व्हॅनमधल्या बायांनी त्याला एकदमच सांगितलं. एवढ्या जणींनी एकदम सांगितलेलं कुणालाही पटतं. "आरामात चालवा," म्हणून तो गेला.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ नात्यातल्या सगळ्या फोनवर फिरला. अश्विनचा फोन आला.

"आई, एकदम कडक! बर्फात अगदी असंच करायचं असतं. फक्त…"

"फक्त काय?"

"इथं स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. आणि गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात."

घर्षण, वजन, वळण, सगळं पाहिलं होतं शामलाबाईंनी. रस्त्याची बाजू पाहायची राहिली होती.

"म्हणजे परत टँकर?" गोपाळरावांनी विचारलं.

"मी नाही येत!" गोपिकाबाई शेजारूनच म्हणाल्या.

मग एका जानेवारीच्या सकाळी, विनिपेगच्या बाहेर, ती वेळ आलीच. आकाश आणि रस्ता एकाच रंगाचे झाले होते. ॲम्ब्युलन्स अडकली होती. मैत्रीण फोन उचलत नव्हती. अश्विन प्लास्टरचा पाय घेऊन दारात उभा राहिला आणि शामलाबाई त्या लाल गाडीत जवळजवळ निजून बसल्या. शेजारी उन्नती, मांडीवर दवाखान्याची बॅग.

"उजवीकडून," शामलाबाई पुटपुटल्या. "उजवीकडून. उजवीकडून."

वळणावर गाडीचा मागचा भाग निघालाच. पाय आपोआप वर आला. हात आपोआप वळले. गाडी सरळ झाली आणि पुढं चालू लागली. उन्नती डोळे मिटून कळ सोसत होती. तिला कळलंसुद्धा नाही.

दवाखान्याच्या दारात त्यांनी गाडी अशी हलकेच उभी केली, जशी टेबलावर काचेची नळी ठेवावी. एक नर्स व्हीलचेअर घेऊन धावत आली. तिनं गाडीत डोकावून दोघींकडे पाहिलं. एकीची कळ नुकतीच ओसरली होती, ती जाडजूड कोटात, पोटाशी बॅग धरून उतरत होती. दुसरी पांढरीफटक पडली होती, दात वाजत होते, आणि स्टिअरिंगवरची बोटं काही केल्या सुटत नव्हती.

नर्सनं बोटं एकेक करून सोडवली आणि शामलाबाईंना खुर्चीत बसवलं.

शामलाबाईंना सांगायचं होतं, 'मी नाही, ती!' पण वाजणाऱ्या दातांतून 'उजवीकडून' एवढंच बाहेर पडलं.

"बस वं आई," उन्नती म्हणाली. "मीच ढकलते."