टोपणनाव मिळणेबाबत

एका जंगलात प्रत्येकाला दोन नावं होती, मुलांनो. एक आईवडिलांनी ठेवलेलं आणि एक खरं.

आईवडिलांनी ठेवलेली नावं फार भारदस्त होती. सशाचं नाव चपळसेन. मोराचं मंजुघोष. गव्याचं महाबळ. ही नावं एकदा बारशाला वापरायची आणि मग थेट शोकसभेला बाहेर काढायची, अशी पद्धत होती. मधल्या काळात चपळसेनला सगळे पेंग्या म्हणत, कारण तो गवत चावता चावता झोपायचा. मंजुघोषला भोंग्या म्हणत. का म्हणत, ते त्याने तोंड उघडलं की कळायचं. महाबळचे चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे होते, म्हणून तो मोज्या.

जंगलात एक बिबट्याही होता. त्याला जावई म्हणत. न कळवता यायचा, त्यातल्या त्यात चांगलं बघून उचलायचा, आणि त्याला कोणी काही बोलू शकत नसे.

हसू नका. पुढे ऐका.

ही खरी नावं पाडायचं काम एका म्हाताऱ्या वानरीकडे होतं. माणसांत बाळाचं नाव आत्या ठेवते, म्हणून तिलाही सगळे आत्याच म्हणायचे. पाणवठ्यावर एक उंच साग होता, त्याच्या शेंड्यावर ती दिवसभर बसून असे. वरून तिला सगळं दिसायचं. कोण घसरलं, कोणी चोरून खाल्लं, कोणाचं शेपूट बाभळीत अडकलं. दिसलं रे दिसलं की ती मोठ्यांदा 'कुर्रर्र' करायची आणि नाव जाहीर करून टाकायची. त्यावर अपील नव्हतं.

आत्याचं दुसरं काम याहून मोठं होतं. पाणवठ्यावर जावई आला, की तिने वरून ओरडायचं. पण नुसतं 'पळा' म्हणून भागत नसे. सगळे एकाच वाटेने पळत, एकमेकांवर आदळत आणि जावयाचं काम आयतं होई. म्हणून ती एकेकाला हाक मारून वाट सांगायची.

"पेंग्या, ऊठ! मोज्या, डावीकडे! भोंग्या, झाडावर!"

दोन शब्दांत एक जीव वाचायचा. जंगल असं चाललं होतं.

आता सुव्रतराव.

सुव्रतराव हे एक सांबर होते. त्यांना टोपणनाव नव्हतं. बघा, मीसुद्धा त्यांना अहोजाहो करतोय.

नाव पाडायला काही तरी घडावं लागतं आणि सुव्रतरावांच्या हातून काही घडतच नसे. ते कधी घसरले नाहीत. वाटेत चिखल दिसला, की ते अर्ध्या डोंगराला वळसा घालून येत. पाणी पिताना त्यांच्या ओठांचा आवाज होत नसे. कोणी विनोद केला, की ते लगेच हसत नसत. घरी जाऊन त्यावर विचार करत आणि चार दिवसांनी येऊन सांगत, "त्या दिवशीचा आपला विनोद चांगला होता."

त्यांना सगळे 'आदरणीय श्रीमान सुव्रतराव शृंगधर सांबर' म्हणत. तेही नाव पूर्ण घेऊन होईपर्यंत स्तब्ध उभे राहत. कोणी आपलं नाव घेत असताना मध्येच निघून जाणं त्यांना असभ्यपणाचं वाटे.

मला हे पटतं. मीसुद्धा चौतीस वर्षं शिकवतोय, पण एकाही वर्गाने माझं नाव पाडलेलं नाही. शिस्त असली की असं होतं. मागच्या बाकावर एकदम इतका खोकला कोणाला झालाय?

तर एका दुपारी जावई आला. आत्या ओरडली, "मोज्या, डावीकडे! पेंग्या, बिळात! आदरणीय श्रीमान सुव्रतराव शृंगधर सांबर, आपण कृपया..."

'कृपया' म्हणेपर्यंत जावयाचा पंजा सुव्रतरावांच्या शेपटीवर पडला होता. शेपटीचा गोंडा तिथेच राहिला. सुव्रतराव थोडक्यात बचावले.

नंतर सगळे टेकडीपलीकडे जमले. धापा टाकत होते आणि एकमेकांना चिडवत होते. "पेंग्या, लेका, पळतानासुद्धा झोपला होतास!" "मोज्या, तुझे मोजे बघ, पार काळे झाले!" मग त्यांना सुव्रतराव दिसले. सगळे गप्प झाले आणि सावरून उभे राहिले.

मोज्या म्हणाला, "आपल्याला फार लागलं नाही ना?"

सुव्रतराव म्हणाले, "नाही. आभारी आहे."

त्या दिवशी त्यांना फार एकटं वाटलं. शेपटीचं त्यांना एवढं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. पळसाच्या पानावर, तीन प्रतींत. 'विषय : टोपणनाव मिळणेबाबत.' खाली खुराचा ठसा. तो घेऊन ते सागाखाली गेले.

आत्या शेंड्यावरून धडपडत खालच्या फांदीवर आली. सुव्रतराव आले, की तीही जरा सावरून बसायची.

"अहो, हे अर्ज करून मिळत नसतं," ती म्हणाली. "तुमच्याकडून काही तरी व्हायला हवं."

"काय होऊ देऊ?"

"आता ते मी कसं सांगू! पेंग्याला का मी झोप म्हणून सांगितलं होतं?"

"समजलं," सुव्रतराव म्हणाले. त्यांना काही समजलं नव्हतं.

दोन दिवसांनी जंगलात ठिकठिकाणी पानं लागली. 'येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता सुव्रतराव शृंगधर सांबर पाणवठ्यावर घसरणार आहेत. उपस्थिती प्रार्थनीय.'

झाडून सगळे आले. अंघोळी करून आले. सुव्रतरावांनी आदल्या दिवशी येऊन मऊ जागा बघून ठेवली होती. बरोबर चार वाजता ते तिथे गेले, थांबले आणि घसरले. शिंगांना चिखल लागू दिला नाही.

कोणीही हसलं नाही. मोज्याने त्यांना हात दिला. भोंग्याने आभाराचं भाषण केलं. सुव्रतरावांनी वर सागाकडे बघितलं. आत्याने कुर्रर्र करायला तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून "सावकाश हां!" एवढंच बाहेर पडलं.

मग सुव्रतरावांनी स्वतःच परिपत्रक काढलं. 'यापुढे मला बंड्या म्हणावे.'

सकाळी पाणवठ्यावर सगळे रांगेत उभे होते.

"नमस्कार, आदरणीय श्रीमान बंड्यासाहेब सुव्रतराव शृंगधर सांबर!"

नाव आणखी लांबलं होतं. त्यांनी परिपत्रक मागे घेतलं.

आणि मग जावई पुन्हा आला.

या खेपेला तो अगदी जवळ येऊन दबला होता. सुव्रतराव पाण्याच्या काठाशी एकटेच उभे होते. आत्याला तो उशिरा दिसला. पूर्ण नाव घ्यायला वेळ उरला नव्हता. आदरबिदर सगळं विसरून ती जिवाच्या आकांताने किंचाळली.

"ए ठोकळ्या! पळ!"

सगळं जंगल सुव्रतरावांकडे बघू लागलं.

सुव्रतरावांनी मान वर केली. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग गंभीरपणे म्हणाले, "हे ठोकळ्या कोण? बिचारे संकटात दिसतात. कोणी तरी त्यांना मदत करा."

जावई उडी मारायच्या तयारीत होता. हे ऐकून त्याला हसू फुटलं. त्याने आवरायचा प्रयत्न केला, पण त्याचं पोट हलायला लागलं. बिबट्याला हसता हसता उडी मारता येत नाही, मुलांनो. तो खडकावरून घसरला आणि धपकन खाली बसला.

"अरे वेड्या," तो डोळे पुसत म्हणाला, "ठोकळ्या म्हणजे तूच की!"

"मी?"

"मग कोण! सात वर्षं झाली. माझी पोरंसुद्धा रोज विचारतात, बाबा, आज ठोकळ्या आणणार का?"

सुव्रतराव उभ्या उभ्या लाल झाले. तेवढ्यात आत्या पुन्हा ओरडली, "ठोकळ्या, मेल्या, उजवीकडे!" आणि या वेळी त्यांना कळलं, की ही हाक आपल्यालाच आहे. ते धावले. चिखलातून, बाभळीतून, मोज्याच्या पायांमधून धावले. शिंगांवर वेली लटकल्या होत्या आणि तोंडातून "आई गं, आई गं" असं चाललं होतं.

टेकडीपलीकडे सगळे त्यांच्याभोवती जमले. मोज्याने त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला, की ते गुडघ्यावर आले.

"ठोकळ्या! वाचलास लेका!"

सुव्रतरावांना बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं. त्यांच्या पाठीत आजवर कोणी धपाटा घातला नव्हता. ते हसलेसुद्धा, जागच्या जागी.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सुव्रतरावांनी विचारलं, "म्हणजे सात वर्षं तुम्ही सगळे माझ्या मागे हे म्हणत होता?"

मोज्या आपल्या मोज्यांवरचा चिखल झटकू लागला.

"मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"आपल्याला... तुला... वाईट वाटलं असतं," मोज्या म्हणाला.

"आणि असं काय केलं मी, म्हणून हे नाव?"

आत्याने आता खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "काहीच केलं नाहीस म्हणून."

सुव्रतराव घरी गेले. त्यांनी यावर विचार केला. त्यांना वाटलं होतं, आपलं नाव काही तरी 'तुफान' किंवा 'सरदार' असं असेल. ठोकळ्या! चौथ्या दिवशी ते नवा अर्ज घेऊन सागाखाली हजर झाले. या वेळी पाच प्रती. 'विषय : टोपणनाव रद्द होणेबाबत. सदर नाव मानहानिकारक असून, यापुढे मला कोणत्याही प्रसंगी, कोणतीही घाई असली तरी, पूर्ण नावानेच संबोधण्यात यावे.'

आत्याने तो दोनदा वाचला.

"ठोकळ्या, अरे राजा..."

सुव्रतरावांनी 'कोणत्याही प्रसंगी' या शब्दांवर बोट ठेवावं तसा खूर टेकवला.

आत्याचा चेहरा उतरला. "बरं," ती म्हणाली. "जशी आपली इच्छा."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळे सावरून उभे राहू लागले. मोज्याने आपला पाय आवरला. सुव्रतरावांना समाधान वाटलं, असं ते स्वतःला सांगत होते.

पुढच्या आठवड्यात जावई आला. भर दुपारी, उंच गवतातून.

"पेंग्या, बिळात! भोंग्या, झाडावर! मोज्या, मागे! आदरणीय श्रीमान सुव्रतराव शृंगधर..."

पहिल्याच शब्दाला सुव्रतरावांना कळलं होतं, की हाक आपल्याला आहे. पण नाव अजून पूर्ण व्हायचं होतं. मध्येच निघणं बरं दिसलं नसतं.

आत्याचा 'सांबर' हा शब्द तोंडातच राहिला.

त्यानंतर जावई आठ दिवस पाणवठ्यावर फिरकला नाही. त्याचं कारण दुःख नव्हतं.

शोकसभा सागाखाली झाली. भोंग्याने पानावरून वाचलं, "आदरणीय श्रीमान सुव्रतराव शृंगधर सांबर यांच्या निधनाने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कोणाबद्दल बोलणं चाललंय, हेच धड कोणाला जाणवत नव्हतं.

पेंग्या मागे बसल्या बसल्या झोपला होता. तो दचकून जागा झाला.

"कोण गेलं?"

भोंग्याने पुन्हा पूर्ण नाव वाचलं.

"कोण?"

मोज्या वाकला आणि त्याच्या लांब कानात हळूच म्हणाला, "ठोकळ्या."

"आपला ठोकळ्या?" पेंग्या म्हणाला आणि त्याने गळाच काढला. मग मोज्या रडला. मग भोंग्या रडायला लागला आणि त्याचा आवाज अख्ख्या डोंगरात गेला. आत्या सागावरून खाली उतरली, जमिनीवर बसली आणि डोक्याला हात लावून म्हणाली, "माझं चुकलं रे. त्याचा अर्ज मी ऐकायलाच नको होता."

तात्पर्य : आपल्याला टोपणनाव का नाही, असा प्रश्न कोणालाही पडू नये. ते असतंच. त्यासाठी अर्ज करू नये. चुकून कानावर आलंच, तर आधी उजवीकडे पळावं आणि अपमान नंतर सवडीने वाटून घ्यावा.

आता वह्या मिटा. आणि मागच्या बाकावरून आत्ता माझ्याकडे बघून जो कोणी 'कुर्रर्र' म्हणाला, त्याने उभं राहायची गरज नाही. ते नाव काय आहे, हे मी विचारणार नाही. फक्त एवढंच करा, बाळांनो. या वर्गाचं छत कधी खाली यायला लागलं आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा असलो, तर 'आदरणीय गुरुजी' म्हणत बसू नका. ते दुसरं नाव मोठ्यांदा घ्या. मी मागे वळून बघणार नाही. नुसता पळेन.