आरोहीच्या नाकाचा वेढा उठला त्याची हकिकत

श्रीगजानन व ग्रामदेवता यांस साक्ष ठेवून, श्वासोच्छ्वास करणाऱ्या सकल जनांस लेखकाचा मुजरा. सांप्रत रत्नागिरी शहरी, मांडवी बंदराचे तर्फेस, नाकाचे जे घनघोर युद्ध जाहले त्याची कैफियत हुजुरांनी पुसिली नाही. तरी सेवक हा त्या घराचा सख्खा शेजारी, सबब कुंपणावरून जे पाहिले आणि खिडकीतून जे ऐकिले ते बयाजवार लिहिले असे. कोठे अतिशयोक्ती दिसल्यास ती शिंकांची समजावी.

राजमान्य राजश्री रावजी, जहाजावरील खलाशी, सात समुद्र पालथे घालून घरी बसले होते. त्यांची नात चिरंजीव आरोही, इयत्ता चौथी, इचे नाकात जुनाट सायनस नामे गनीम दोन वर्षे तळ देऊन राहिला आणि कपाळ व दोन्ही गाल हे किल्ले त्याने काबीज केले. औषधांची कुमक येताच गनीम मागे हटे, मग घरचे फत्ते समजून औषध बंद करीत, आणि मग गनीम दुणी फौज घेऊन परते. पोर तोंडाने श्वास घेई, निजता घोरे, शाळा बुडवी. हे सर्व तिने सोसले. परंतु एक नामुष्की तिला सोसेना.

घराण्याचा रिवाज ऐसा जे, हापूस उतरल्यावर माजघरात पेंढ्यात अढी घालावी आणि कोणता आंबा तयार जाहला हे घरातील तिखट नाकाने वास घेऊन सांगावे. ही अढीची सुभेदारी आरोहीकडे होती. नाक बंद पडताच ती सुभेदारी मुंबईहून सुटीस येणारी आतेबहीण सानिका इजकडे गेली. सानिकेस अवघ्या अढीस आंब्याचाच वास येई, सबब तिने सरसकट कापण्याचा हुकूम केला आणि घरदाराने आठवडाभर आंबट तोंडे करून आंबे खाल्ले. आरोही उंबऱ्यावर बसून पाही. सेवकास तिची फार दया येई.

मग यंदा चैत्रात मसलत होऊन मुलीच्या मातुश्री श्रद्धाबाई, रावजी आणि आरोही नाक-कान-घशाच्या डॉक्टर नम्रताबाई यांचे भेटीस गेली. बाईंनी पुसिले, त्रास कोणता? रावजींनी शाळेचे सांगितले, श्रद्धाबाईंनी घोरण्याचे. बाईंनी दोघांस गप्प करून मुलीस पुसिले. ती म्हणाली, "मला अढीत घेत नाय." बाईंनी हे गांभीर्याने ऐकिले आणि फर्मान काढिले की, नाकातला फवारा चुकवू नये, मिठाच्या पाण्याने दोन्ही वेळ नाक धुवावे, बरे वाटले तरी आम्ही सांगेपर्यंत सोडू नये, आणि घरात विडीचा धूर अगदी बंद. शेवटले कलम ऐकोन रावजींचा चेहरा उतरला. तरी त्यांनी तेथेच गणपतीची शपथ वाहिली.

घरी येताच मीठपाण्याच्या पुड्या पाहोन त्यांचा दर्यावर्दी अभिमान खवळला. "अगो, एवढा दर्या उशाशी असताना पुडीतलं मीठ कशाला?" ऐसे गर्जोन खासा स्वारी स्कूटरवर कॅन घेऊन भाट्याच्या किनारी कूच करती जाहली आणि पाणी भरोन, पंचाने गाळोन विजयी मुद्रेने परतली. श्रद्धाबाई दारात आडव्या राहिल्या. "आधी तुमच्या नाकात घाला बघू, मामंजी."

सरदार मागे हटणारे नव्हेत. परसात उभे राहोन त्यांनी भाट्याचा समुद्र उजव्या नाकपुडीत रिचविला. मग जी किंकाळी उठली तिने माडावरचे कावळे उडाले, सेवकाचे हातची चहाची बशी सांडली, आणि रावजींचे नाकातून सायंकाळपर्यंत वाळू येत राहिली. नम्रताबाईंनी फोनवर पुनश्च ताकीद दिली की, पाणी उकळोन निववावे आणि पुडी मोजून घालावी. रावजींनी शरणागती पत्करिली.

त्यापुढे रोज आजा आणि नात न्हाणीत शेजारी वाकोन नाके धुवीत. पोर रडे, तेव्हा आजा आधी धुवी. मधे बरे वाटले, श्रद्धाबाईंस मोह जाहला, तेव्हा रावजी म्हणाले, "दोनदा फसलो. आता नाय." आणि मोहीम चालू राहिली. गनिमाने प्रथम गाल सोडिले, मग कपाळ सोडिले, आणि पोर तोंड मिटोन निजू लागली.

वैशाखात अढी घातली. सानिका हुकूम देण्यास बसली होती. आरोही माजघरात शिरली आणि थबकली. मग डोळे मिटोन, ओणवी होऊन वास घेत चालली आणि पेंढ्यात हात घालोन एक पिवळाधमक हापूस काढिला. घर आनंदले. रावजी मात्र दाराकडे सरकू लागले. तिने पुन्हा वास घेतला, थेट कोपऱ्यात हात घातला आणि विड्यांचे बंडल बाहेर काढिले.

"आबा, हा आंबा झाला तयार. नि ह्या विड्या कुणाच्या हो?"

अवघ्या घरात एकच नाक त्या विड्या शोधणारे होते, आणि तेच उघडावे म्हणोन हा मनुष्य महिनाभर न्हाणीत वाकत होता. रावजी मट्कन खाली बसले. "माझ्याच गो," म्हणाले, आणि नातीस पोटाशी धरोन गदगदा हसले. सेवकानेही कुंपणाआड डोळे पुसिले, हे लपवीत नाही.

तह ऐसा ठरला: विड्या चुलीत, अढीची सुभेदारी आरोहीकडे कायम, सानिका तिची दुय्यम. पहिला हापूस कापिला, त्याची बाठ आबांस बहाल जाहली आणि एक फोड कुंपणावरून सेवकास पावली. आंबा गोड निघाला. फत्ते जाहली ऐसे या फोडीच्या साक्षीने नमूद केले असे.