सगुणाक्काचं उकळलेलं पाणी

एका जंगलात वीज होती, त्या काळातली ही गोष्ट. मुलांनो, जवळ या. मोबाइल खाली ठेवा. आईबापांनीही ठेवा, गोष्ट खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

तर त्या जंगलात वीज होती म्हणजे सगळंच होतं. ओढ्याच्या काठाला पंप होता. पंप पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचा. टाकीखाली पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं आणि त्या यंत्राला एक निळा दिवा होता. निळा दिवा लागला की पाणी चांगलं, एवढं शास्त्र प्रत्येक प्राण्याला तोंडपाठ होतं. त्यापुढचं कुणाला येत नव्हतं. ओढा हा फोटो काढण्यासाठी असतो, असं हरणाच्या पाडसांना वाटायचं.

एकदा मोठं वादळ झालं आणि वीज गेली.

आता या जंगलाची एक रीत होती, ती सांगायला हवी. वीज गेली की प्रत्येक जण आधी बाहेर येऊन शेजाऱ्याच्या बिळाकडे बघायचा. शेजारी उजेड दिसला तर पोटात दुखायला लागायचं आणि वायरमन वानराच्या नावानं शंख व्हायचा. शेजारीही अंधार असला तर जीव भांड्यात पडायचा. सगळ्यांचीच गेलीय म्हणत मंडळी आत जाऊन झोपायची.

या वेळी सगळ्यांचीच गेली होती. त्यामुळे पहिला आठवडा मजेत गेला.

मग वानर तीन जंगलं पालथी घालून आला. मोठे मनोरे आडवे झालेत, तारांचा गुंता झालाय, नवीन सामान लांबून यायचंय, सहा महिने तरी धरून चाला, असं त्यानं सभेत सांगितलं. सरपंच होता गवा. त्याला सगळे आबा म्हणत. आबांनी एकच प्रश्न विचारला, शेजारच्या जंगलात वीज आहे का. तिथंही नव्हती. आबांनी मान हलवली आणि सभा चहा पिऊन संपली.

टाकी चौथ्याच दिवशी कोरडी पडली होती. सगळे डोहावर जाऊन पाणी पिऊ लागले होते. त्याच डोहात रेडे बसायचे, रानडुकरं लोळायची आणि वरच्या अंगाला वादळात मेलेलं एक सांबर तसंच पडलं होतं. ते उचलायचं काम कुणाच्या वाटणीचं, हे ठरायचं होतं. पाणी मात्र वरवर छान नितळ दिसायचं.

तिसऱ्या आठवड्यात जुलाबाची साथ आली. सशाची दोन पिल्लं गेली. मग मुंगसाचं एक गेलं. घरोघरी कुणी ना कुणी आडवं झालं होतं, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

टेकडीच्या पायथ्याशी सगुणाक्का नावाची एक सायाळ राहत होती. तिला एकच लेक होती, ठकी. ठकीलाही जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले. तिसऱ्या दिवशी ती रडेना, आणि तेव्हा सगुणाक्का घाबरली. या सबंध जंगलात घाबरलेली ती पहिलीच. बाकीचे नुसते वाईट वाटून घेत होते.

ती घाबरली म्हणून कामाला लागली. डोहापासून लांब, ओढ्याच्या कोरड्या वाळूत तिनं झिरा खणला. खणणं तिच्या अंगातच होतं. हातभर खाली पाणी झिरपून आलं. ते तिनं लुगड्याच्या चार पदरी धडप्यातून गाळलं. मग दोन मडक्यांच्या बुडाला भोक पाडून एकावर एक तीन मडकी मांडली. वरच्यात खडे, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात उतरलेलं पाणी. ते पाणी चुलीवर ठेवून चांगलं खळाखळा उकळलं, निववलं आणि झाकून ठेवलं. आत कुणी पंजा बुडवायचा नाही, ओगराळ्यानंच घ्यायचं, असा नियम केला. तांब्याभर पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर साखर घालून ती ठकीला चमच्याचमच्यानं पाजत बसली.

सोपं नव्हतं ते, मुलांनो. सरपण गोळा करण्यातच निम्मा दिवस जायचा. पाण्याला धुराचा वास यायचा. पण पाचव्या दिवशी ठकी उठून बसली आणि खायला मागू लागली. सगुणाक्का चुलीपुढे बसून रडली. मीही इथं जरा थांबतो, मला पाणी हवंय.

शेजारी भागूवहिनी राहायच्या, रानडुकरीण. त्यांची चार पिल्लं आजारी होती. त्यांनी कुंपणावरून ठकीला खेळताना पाहिलं.

"तुमची बरी झाली वाटतं," त्या म्हणाल्या.

"झाली बाई. पाणी उकळून देते. तुमी या की, दावते. येताना दोन मडकी तेवढी आणा."

भागूवहिनी मडकी आणायला म्हणून गेल्या त्या थेट आबांकडे. एकाच घरात चांगलं पाणी कसं काय येतं, असं त्यांनी विचारलं. दुपारपर्यंत सबंध जंगल तेच विचारू लागलं. एवढे दिवस सगळे गुण्यागोविंदानं आजारी होते. आता कुणाला झोप येईना.

सगुणाक्कानं चोरून जोडणी घेतली असणार, असं ठरलं. वानर चौकशीला आला. त्यानं बीळ उकरलं, चूल हलवली, छपरात हात घालून वायर शोधली. तीन मडकी सापडली. वानर प्रामाणिक होता. मडक्यांना वीज लागत नाही, असं त्यानं अहवालात लिहिलं. त्यामुळे प्रकरण जास्तच गंभीर झालं.

सभा भरली. इतकी गर्दी साथीसाठीही झाली नव्हती. सगुणाक्का उभी राहिली.

"पाणी न्या माझं, न्हाई म्हणत न्हाई," ती म्हणाली. "पण घागरभर पाणी समद्यांला वाटलं तर चूळ भरायलाबी पुरायचं न्हाई. त्यापरीस उकळायला शिका. झिरा मी दावते, मडकी मी मांडून देते. सरपण तेवढं ज्याचं त्यानं आणा."

सरपणाचं नाव काढताच बरेच जण आभाळाकडे बघू लागले.

आबा वाईट नव्हते, हे लक्षात ठेवा. त्यांना सगळ्यांचं मन राखायचं होतं. त्यांनी डोळे मिटून पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "चूळभर तर चूळभर. पण समद्यांला सारखं मिळालं पायजे."

तीनशे प्राण्यांना घागरभर पाणी सारखं कसं वाटायचं, हा पेच वानरानं सोडवला. सगळे पितात कुठलं, तर डोहाचं. मग घागर डोहात ओतायची. प्रत्येकाच्या घोटात सगुणाक्काचं पाणी आपोआप येईल.

असा न्याय त्या जंगलात पूर्वी कधी झाला नव्हता. डोहाच्या काठी मांडव पडला. नारळ फुटला. आबांनी स्वतः घागर डोहात रिकामी केली. टाळ्या वाजल्या. भागूवहिनींनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि पाण्याला गोडी आलीय म्हणाल्या. सगुणाक्कानं रोज एक घागर उकळून डोहात ओतावी, असा ठराव झाला. तिचा आदर्श माता म्हणून सत्कारही झाला, शाल देऊन.

सगुणाक्का शाल घेऊन घरी आली. ठकी अजून अशक्तच होती. ती पाणी मागत होती आणि मडक्यात थेंब नव्हता. सगुणाक्कानं पुन्हा झिरा उपसला, पुन्हा चूल पेटवली, आणि त्या दिवशीच तिनं ठरवलं. या जंगलात राहिलं तर तिचं पाणी रोज डोहात जाणार आणि लेक एक दिवस हातची जाणार. तिनं दोन मडकी बांधली, तिसऱ्यात वाटेपुरतं पाणी भरलं आणि सकाळी टेकडी ओलांडून जायला निघाली.

दारातच आबा उभे होते. इतका मोठा गवा, पण मान खाली होती.

"माझं वासरू निजून हाय," ते म्हणाले. "कालपासनं डोळं उघडंना. घोटभर पाणी द्या, अक्का. कुनाला सांगू नगा."

सगुणाक्कानं ठकीकडे पाहिलं. वाट लांबची होती आणि पुढं झिरा कुठं लागेल ते माहीत नव्हतं. तरी तिनं मडक्यातलं निम्मं पाणी आबांच्या लोटीत ओतलं. मीठ-साखर किती घालायची, तेही सांगितलं. चमच्यानं पाजा, घाई करू नका, असं दोनदा बजावलं. मग ती ठकीला घेऊन टेकडी चढून गेली. ठकी वाचली, पलीकडच्या जंगलात मोठीही झाली. तेवढी चिंता करू नका.

आबा लोटी घेऊन भराभरा घराकडे निघाले. वाट डोहावरून होती. डोहावर भागूवहिनी होत्या, मुंगूस होतं, आणखी दहाबारा जण होते. सगळ्यांनी लोटीकडे पाहिलं. मग आबांकडे पाहिलं.

भागूवहिनींनी फक्त विचारलं, "पाणी कुठं चाललंय, आबा?"

घर तिथून दिसत होतं. वासराचा आवाज ऐकू येत नव्हता. आबांनी एकदा घराकडे पाहिलं.

"कुठं म्हंजे," ते म्हणाले. "वाटपालाच आनलंय की."

आणि त्यांनी लोटी डोहात उपडी केली. काठावर समाधानाची कुजबुज झाली. आबा घरी गेले. वासरू संध्याकाळी गेलं. दुसऱ्या दिवशी शोकसभेत, सरपंचानं स्वतःच्या लेकरासाठीही वेगळं पाणी ठेवलं नाही, असं त्यांचं फार कौतुक झालं.

तात्पर्य: संकटात पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवण्याच्या फंदात पडू नये. त्यानं आपलं पोर एकटंच वाचतं आणि सगळं गाव दुखावतं. सर्वांच्या बरोबरीनं आजारी पडावं. मरताना शेजारी चांगलं बोलतात.