ससोपंतांची चिप

बाळांनो, एका जंगलात ससोपंत नावाचे एक ससे राहत. त्यांच्या दारात एक यंत्र होतं. वाघ जवळ आला की ते कोकलायचं. एके दिवशी यंत्राचा मेंदू, म्हणजे आतली चिप, जळाली आणि यंत्र मुकं झालं.

जंगलात चिपा बनवणारे दोघेच. एक साळिंदरशेठ आणि दुसरे खवलेमांजर खवल्याशेठ. दुकानं समोरासमोर, आणि दोघांत विस्तव जात नसे.

ससोपंत पोचले तेव्हा चिपेचा भाव होता शंभर गाजरं. ते पिशवी सोडणार, तोच समोरून खवल्याशेठ ओरडले, "या पंत, आमच्याकडे नव्वद!"

"ऐंशी!" साळिंदरशेठ काटे फुलवून म्हणाले.

ससोपंतांनी पिशवीला पुन्हा गाठ मारली. पडत्या भावात खरेदी करायला ते काय खुळे होते?

घरी बायको म्हणाली, "अहो, घेऊन टाका ना. वाघ काय भाव उतरायची वाट बघत बसणार आहे?"

"तुला बाजारातलं काय कळतं?" ससोपंत म्हणाले.

सत्तर झाले, चाळीस झाले, पाच झाले. ससोपंत रोज भाव ऐकून रिकाम्या हातांनी परत येत. "आज पस्तीस गाजरं वाचवली," असं ऐटीत सांगत. ती बिचारी पोरांना पोटाशी धरून, कान टवकारून बसे.

शेवटी इरेला पेटून साळिंदरशेठनी पाटी लावली : चिप फुकट. खवल्याशेठनी लगेच लावली : चिप फुकट, वर लिंबाचं सरबत.

अख्खं जंगल खवल्याशेठकडे लोटलं. ससोपंतांचा नंबर तिसरा लागला. मागून कुणीतरी विचारलं, "फुकटवाल्यांची रांग हीच ना?"

ससोपंत वळले. मागे वाघोबा उभे होते.

"आमचं ससे शोधायचं यंत्र कधीचं बंद पडलंय," वाघोबा म्हणाले. "म्हटलं, उतरू दे भाव. घाई कशाला?"

"अगदी शहाणपणाचं केलंत!" ससोपंतांच्या तोंडून निघून गेलं.

मग ते भानावर आले. पळावं? पण पुढे दोघंच होते. सरबताचा वासही येत होता. ससोपंत जागचे हलले नाहीत.

रांग तसूभरही पुढे सरकली नाही, तरी थोड्याच वेळात वाघोबांचा नंबर तिसरा झाला.

तात्पर्य : थांबला तो संपला, हे खरं आहे. पण पळाला त्याचा नंबर जातो. सांगणाऱ्याच्या पुढेही रांगेत आता दोघंच उरलेत, म्हणून गोष्ट जरा घाईने आवरली आहे.