बारा चाळीसचं जेवण

"एवढ्या रक्तावर मी गुडघ्याला हात लावणार नाही," डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "हिमोग्लोबिन साडेनऊ. निदान अकरा करून आणा. सहा आठवडे देते."

टपालबाईंचा चेहरा पडला. बावीस वर्षे त्या एकाच भागात पत्रे वाटत होत्या. गुडघ्याने दगा दिल्यापासून त्यांची फेरी एका बदली माणसाकडे गेली होती आणि तो दातांच्या दवाखान्याची पत्रे खुशाल शिंप्याकडे टाकत होता. वर्षअखेरपर्यंत बाई पायावर उभ्या राहिल्या नाहीत, तर फेरी कायमची त्याची होणार होती.

"गोळ्या देते, पण त्यांनी अर्धंच काम होईल. बाकीचं ताटातून यायला हवं. डाळी, पालेभाज्या, अंडी, फळं. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नको. आणि वेळेवर जेवा."

'वेळेवर' म्हटल्याबरोबर शेजारी बसलेले त्यांचे यजमान ताठ झाले. बस डेपोत वेळापत्रके आखण्यात त्यांची हयात गेली होती. सगळे त्यांना मिनिटकाटे म्हणत; खरे आडनाव पगारपत्रकालाच ठाऊक.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर डेपोतला मोठा कागद लागला. लोहाची तांबडी रेघ, दुधाची निळी, चहाची काळी. तांबडी आणि काळी कुठेही एकमेकींना भेटत नव्हत्या. दिवसाला पाच कप चहावर जगणाऱ्या त्यांच्या आईने कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"अरे, माझा चहा एकदाच? पाच दहाला?"

"वास आला की तिलाही प्यावासा वाटतो, आई. मार्ग मोकळा हवा."

"रक्त तिचं कमी आणि उपास मला!"

सोमवारी डाळ शिजेना. बारा चाळीसचे जेवण सव्वा वाजता सुटले, मागची फळे खोळंबली आणि आईचा चहा पावणेसहाला पोचला. आईने बोलणे टाकले. मंगळवारी मिनिटकाट्यांनी डेपोतून बायकोला फोन केला.

"भाजी निघाली?"

"निघाली."

"लिंबू?"

"संपलंय."

"मग भाजी रोखून धर! मी लिंबू घेऊन येतोय!"

ते सायकल हाणत दोन डझन लिंबे घेऊन आले, तोवर भाजी गार आणि बायको उपाशी. झालेला तोटा भरून काढायला त्यांनी चार वाजता जादा गाडी सोडली: तीन उकडलेली अंडी.

"अहो, मी बाई आहे, डेपो नाही," टपालबाई तिसऱ्या अंड्याकडे बघत म्हणाल्या.

बुधवारी ते बारा वाजताच घरी आले, तर घरात चिटपाखरू नाही. शोधत खालच्या मजल्यावर इस्त्रीवालीकडे गेले. तिथे आई बशीत चहा ओतून फुंकत होती आणि शेजारी दुखरा पाय स्टुलावर टाकून टपालबाई. हातात कप. बारा वीस! लोहाला अवघी वीस मिनिटे उरलेली!

आता हे ओरडणार म्हणून दोघी सावरून बसल्या. पण मिनिटकाटे मटकन दारातच बसले.

"तुझी फेरी जाईल गं," एवढेच ते म्हणाले.

टपालबाईंनी कप खाली ठेवला. आईनेही ठेवला, आधी रिकामा करून.

दुसऱ्या दिवसापासून मिनिटकाट्यांनी रोज अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्वतःच कंबर कसली. डाळ रात्रीच भिजू लागली. बाराच्या ठोक्याला भाजी चिरून तयार. बारा चाळीसला ते बायकोचे ताट वाढत, लिंबू पिळत आणि घड्याळ हातात धरून समोर उभे राहत. मग आईचे. मग भांडी, मग उद्याची भाजी निवडणे. सहा आठवडे संपेपर्यंत मग एकही फेरी चुकली नाही.

"अकरा पूर्णांक तीन!" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला. "काय केलंत हो?"

मिनिटकाट्यांनी खिशातून घडी केलेले वेळापत्रक काढले. टपालबाईंनी हलकेच त्यांचा हात खाली केला.

"डॉक्टर, गोळ्या घेतल्या, पण पदार्थ नेहमीचेच. फक्त संसारात पहिल्यांदा मी आधी जेवले. गरम, समोर वाढलेलं. नाहीतर सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या बुडाशी राहील ते, आणि वर चहा. हे कामावर, आई पलीकडच्या खोलीत, कुणाला दिसणार?"

मिनिटकाट्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली. संसाराच्या सव्वीस वर्षांत ही फेरी त्यांच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. त्यांना फार लाज वाटली.

"ऑपरेशनसाठी नातेवाइकाचं किंवा ओळखीच्याचं रक्त लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझं घ्या!" त्यांनी बाही वर केली आणि रक्तपेढीकडे जवळजवळ धावतच गेले.

तिथल्या बाईंनी बोटाला टोचले, यंत्र पाहिले आणि मान हलवली. "काका, बारा भरलं. साडेबारा लागतं. जेवता की नाही वेळेवर?"

"म्हणजे काय! रोज अडीचला. सगळ्यांचं आटोपलं की..." मिनिटकाटे अडखळले. "उरेल ते."

मागे दारात उभ्या असलेल्या टपालबाई आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या.

शेवटी रक्त दिले ते डेपोतल्या एका ड्रायव्हरने. जन्मात त्याने वेळ पाळली नव्हती. इथेही वीस मिनिटे उशिरा आला. ऑपरेशन छान झाले, आणि वर्ष संपायच्या आत दातांच्या दवाखान्याची पत्रे दवाखान्यात जाऊ लागली.

पण त्याआधी, घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी, टपालबाई कुबडी टेकत भिंतीपाशी गेल्या. बारा चाळीससमोर त्यांनी पेन्सिलीने लिहिले: तिघे. मग तीन ताटे मांडायला लावली आणि नवऱ्याला हात धरून खाली बसवले.

"अगं, वाढणार कोण?"

"ज्याचा हात पोचेल तो. जेवा, गार होतंय."

आईने लिंबाची फोड मुलाच्या भाजीवर पिळली. "आता सगळं रांगेला लागलंय, तर माझा चहा?"

"पाच दहाला!" दोघे एकदम म्हणाले.

आईने निमूटपणे मान डोलावली. इस्त्रीवालीकडे चहा तीनला होत असे.