लिफ्टचा सारांश

कार्यालयाच्या लिफ्टची तार तुटायला आली होती. लिफ्टच्या मेकॅनिकने हे मेलच्या पहिल्याच ओळीत लिहिले, कारण तसे परिपत्रक होते. वरिष्ठांचा वेळ अमूल्य असल्याने मेलचा मुद्दा पहिल्या ओळीत यावा, खालचा मजकूर वाचण्याचे बंधन कोणावरही राहणार नाही आणि मेल पुढे पाठवणाऱ्याने वर आपली स्वतःची पहिली ओळ लिहावी, असा आदेश होता. परिपत्रक एकोणीस पानांचे होते आणि मुद्दा अठराव्या पानावर होता.

परवानगीविना लिफ्ट बंद करायची सोय नव्हती. मागे एकदा त्याने ती बंद केली, तेव्हा 'वरिष्ठांना जिने चढायला लावणे' या आरोपाखाली त्याला मेमो मिळाला होता. पण त्याची बायको सातव्या मजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या विभागात होती, तिचे गुडघे दुखत आणि दिवसातून चार वेळा ती त्याच लिफ्टने ये-जा करी. त्याच्या जिवाला घोर लागला.

त्याने लिहिले, 'लिफ्टची तार तुटायला आली आहे, आजच बंद करा.' पर्यवेक्षकाने त्यावर लिहिले, 'लिफ्टच्या तारेकडे लक्ष देणे गरजेचे.' अभियंत्याने लिहिले, 'लिफ्टच्या तारेकडे लक्ष आहे.' प्रशासन अधिकाऱ्याने लिहिले, 'लिफ्ट ठीक.' साहेबांनी 'अभिनंदन' असे उत्तर देऊन तो मेल सर्व मजल्यांना पाठवला.

मेकॅनिक धावत अभियंत्याकडे गेला. "साहेब, माझी ओळ वाचा हो! ती खाली राहिलीय."

"खालचं वाचायचं बंधन नाही."

"मग तोंडी सांगतो."

"तोंडी बोलण्यात पहिली ओळ कुठली धरायची, ते अजून ठरायचंय."

घरी त्याने बायकोला बजावले, "उद्यापासून जिन्याने जायचं."

"या गुडघ्यांनी? आणि लिफ्ट ठीक आहे, खुद्द साहेबांचा मेल आलाय. तुमचं आपलं काहीतरीच!"

दुसऱ्या दिवशी तार तुटली. ब्रेकने लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये कशीबशी धरली. आत मेकॅनिकची बायको होती आणि साहेब होते. साहेबांनी तत्काळ मेल केला, 'आम्हाला लिफ्टमधून बाहेर काढा.' प्रशासन अधिकाऱ्याने वर लिहिले, 'साहेब लिफ्टची पाहणी करत आहेत.' अभियंत्याने लिहिले, 'लिफ्टची पाहणी सुरू.' पर्यवेक्षकाकडून मेकॅनिकला मेल आला, 'लिफ्ट सुरू.'

"अहो, ऐकताय का?" वरच्या मजल्यावर दाराशी पोहोचलेल्या मेकॅनिकला फटीतून बायकोचा आवाज आला. मेमो गेला खड्ड्यात म्हणत त्याने पहारीने दार उचकटले आणि तिला हाताला धरून वर ओढले.

"आणि मी?" आतून साहेब ओरडले.

"लिफ्ट सुरू असल्याचा मेल आहे, साहेब. खालचं वाचायचं बंधन नाही."

आणि वाचकहो, तुम्ही तरी काय करणार? घरात कोणी विचारलेच, काय वाचत होतात, तर सांगाल, "लिफ्टची एक गोष्ट होती. बरी होती."