उभी गाडी काय खाते?

"असू दे ना रे उभी," आई म्हणाली. "काय खाते ती?"

तराजूसाहेबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते कितीतरी दिवस वाट पाहत होते.

"काय खाते? आई, चालती गाडी पेट्रोल खाते हे शेंबडं पोरही सांगेल. पण उभी गाडी त्याहून वाईट. ती विमा खाते, कर खाते. टायर बसल्या बसल्या चिरतात, बॅटरी कुणी हात न लावता मरते. काही काम न करता नुसती कोपऱ्यात झिजत असते."

"म्हणजे माझ्यासारखीच," आई म्हणाली आणि पाण्याचा पेला घेऊन आत निघून गेली.

खिडकीशी शिवणयंत्रावर बसलेल्या बायकोने मान वर केली नाही, पण यंत्र क्षणभर थांबलं. तेवढ्या शांततेतच तराजूसाहेबांना जे कळायचं ते कळायला हवं होतं. पण ते वजनमापं तपासणारे अधिकारी. दुकानोदुकानी जाऊन काटे जोखायचे, खरा निघाला त्याला तार ओवून शिशाचा शिक्का मारायचा, खोटा निघाला तो उचलून न्यायचा, असा त्यांचा धंदा. जे काट्यावर चढत नाही ते त्यांच्या लक्षात येत नसे.

गाडीचा हिशेब मात्र त्यांच्या मनात पक्का होता आणि रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तो ते घरादाराला मोठ्याने ऐकवत. "साठ-पासष्ट किलोचा मी. मला ऑफिसात पोचवायला नऊशे किलो लोखंड बरोबर न्यायचं? एका वेलदोड्यासाठी गोणी घेऊन बाजारात जाण्यातली गत! सायकल बघा. वजन पंधरा किलो, आणि खाणं? दोन थेंब तेल."

शेवटी एका रविवारी त्यांनी पक्कड, तार आणि शिसं आणलं. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. दोन्ही बाजूंच्या दारांच्या मुठींतून त्यांनी तार ओवली आणि नेहमीच्या सफाईने दोन शिक्के ठोकले.

"विम्याची तारीख येईपर्यंत शिक्का तुटायचा नाही," त्यांनी जाहीर केलं. "तोवर मी सायकलने जाईन, तुम्ही बसने. कुणाचं अडलं नाही तर गाडी विकायची."

"आणि डिकी?" बायकोने विचारलं.

"डिकी जाम आहे. गाडी घेतली तेव्हापासून जाम आहे. तपासून झालंय माझं."

बायकोने आईकडे पाहिलं, आईने बायकोकडे. मग गाडीवर राखाडी कव्हर चढलं आणि अंधाऱ्या शेडमध्ये ती, कुणीतरी डोक्यावरून पांघरूण ओढून निजावं, तशी दिसू लागली.

गाडी घेतली होती ती जुनीच. विकणारा म्हणाला होता, "फार जपलेली आहे, साहेब. आमचे वडील फक्त प्रार्थनेला जायचे हिच्यातून. मागे बसायचे, डोळे मिटून. शेवटचेही तसेच गेले, मागच्या सीटवर. कळलंसुद्धा नाही चालवणाऱ्याला." तराजूसाहेबांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं की, मग गाडी फार चालली नसेल ना?

सायकलीने पहिल्या दिवशी त्यांची पँट खाल्ली. दुसऱ्या दिवशी चेन उतरली आणि काळ्या हातांनी ते तपासणीला गेले, तेव्हा दुकानदाराने त्यांना आधी हात धुवायला लावले. बायकोचे कुणासाठी तरी शिवलेले दोन झगे बसमध्येच राहिले आणि शहरभर फिरून आले. गुडघे तर असे कुरकुरायला लागले की, जिना चढताना वरच्या मजल्यावरच्या मावशी दार उघडून बघायच्या. पण तराजूसाहेब हटले नाहीत. "सवय व्हायला वेळ लागतो," ते म्हणत, आणि संध्याकाळी पाय शेकत हिशेब वाचत.

मग एका तिन्हीसांजेला ते सायकल ठेवायला शेडमध्ये शिरले आणि थबकले.

कुणीतरी बोलत होतं.

बोलणं तरी कसं म्हणावं? पुटपुटणं. अगदी हळू, एका लयीत, मधे श्वासापुरतं थांबून पुन्हा सुरू. आवाज भिंतीपलीकडून नव्हता, छतावरून नव्हता. तो कव्हरच्या आतून येत होता.

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली ती घसरून घंटीसकट खाली आपटली. पुटपुटणं थांबलं. मग ते पुन्हा सुरू झालं, जिथे तुटलं होतं तिथूनच.

घरात शिरताच ते ओरडले, "अगं ऐकलंस का, शेडमध्ये..."

"हळू बोला," बायको कुजबुजली. "आईंचा नेम चाललाय."

आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. आईचा नेम म्हणजे घरातला कायदा. रोज दिवेलागणीला ती देवाचं नाव घ्यायला बसे आणि संकल्प पुरा होईपर्यंत आग लागली तरी त्या नावाखेरीज दुसरा शब्द तोंडातून काढत नसे. तराजूसाहेब पडद्याकडे बघून गप्प बसले. आई देवाचं नाव घेतेय या विचारानेच त्यांना जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजेडात शिक्के तपासले. दोन्ही जसेच्या तसे. तारेला वळ नाही, शिशावर ओरखडा नाही. आपल्या शिक्क्यावर त्यांचा देवाइतकाच विश्वास. शिक्का शाबूत म्हणजे आत कुणी गेलं नाही, विषय संपला. पण काचेतून आत पाहिलं तर आरसा वळलेला होता. चालवणाऱ्याकडे नव्हे, रस्त्याकडे नव्हे. थेट मागच्या सीटकडे.

आणि गाडीच्या मागे शिवणयंत्राचं स्टूल होतं.

त्यांनी स्टूल उचलून घरात नेलं. संध्याकाळी ते परत शेडमध्ये होतं. पुन्हा आणलं, पुन्हा गेलं.

"स्टूल चालतंय," ते बायकोला म्हणाले.

"चालू दे की," ती दोरा दाताने तोडत म्हणाली. "तेवढाच पेट्रोलशिवायचा प्रवास."

"थट्टा नको. तू काय बसतेस कशावर मग?"

"त्या वेळेला मी उभ्याने कापड बेतते. असू दे ते तिथंच."

तिच्या या 'असू दे'ने त्यांच्या अंगावर काटा आला. बायकोलाही गाडीने धरलं की काय!

ऑफिसात त्यांनी ही गोष्ट एकालाच सांगितली, म्हणजे ती सगळ्यांना कळली. शिक्के घडवणारे काका गंभीरपणे म्हणाले, "चालत्या वस्तूला कोंडू नये, साहेब. कोंडलं की ती आपल्याआपण चालायला बघते." वरच्या मावशींनी शेडच्या बाजूला कपडे वाळत घालणं सोडलं. गाडी बघायला येतो म्हणालेले दोघे आलेच नाहीत, तिसरा आला तो कोपऱ्यावरूनच वळला. विम्याची तारीख तोंडावर आली होती. गाडी विकली गेली नाही तर पुन्हा वर्षभर ती खात बसणार, आणि गुडघे मोडून मिरवलेला तराजूसाहेबांचा शब्द खोटा पडणार. खोट्या काट्याचं काय करतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

एके दिवशी जीव मुठीत धरून ते शेडमध्ये शिरले. पुटपुटणं चालू होतं. त्यांनी कव्हरची कड उचलली. काचेवर आतून वाफ धरली होती, दाट, ताज्या श्वासांची. आणि गाडी हलली. किंचितच. बसलेल्या माणसाने कूस बदलावी एवढी.

"को... कोण आहे?"

पुटपुटणं एकदम भरभर झालं, कुणालातरी ते आता घाईने संपवायचं असावं तसं. संपवून काय करायचं असेल, याचा विचार करायला तराजूसाहेब थांबले नाहीत. ते सायकल घेऊन पळाले आणि चौकात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, आपण सायकलवर बसलेलोच नाही.

शेवटी एक गिऱ्हाईक मिळालं. मोटार शिकवण्याचे वर्ग चालवणारा गडी, धिप्पाड, गडगडाटी हसणारा. "भूत? माझ्या शेजारी रोज नवशिके बसतात, साहेब. मला भुताचं काय भय!" मात्र त्याचे वर्ग सुटायचे संध्याकाळी. तो आला तोच नेमका दिवेलागणीला.

"सकाळी नाही का जमणार?" तराजूसाहेबांनी तीनदा विचारून पाहिलं होतं.

"अहो, यंत्राला सकाळ काय नि संध्याकाळ काय," असं म्हणत त्याने पुढून कव्हर धरलं आणि एका झटक्यात अर्ध्या गाडीवरून ओढलं.

काचा पांढऱ्या झाल्या होत्या. आतून तो आवाज येत होता. शौर्याची लाज राखायला गडी वाकला आणि मागच्या काचेला नाक लावून आत बघू लागला.

काचेच्या त्या धुक्यात आतून एक हात आला. सुरकुतलेला, फिकट. पाची बोटं पसरून तो काचेवर टेकला आणि तसाच राहिला.

गड्याने किंकाळी फोडली नाही. किंकाळीला श्वास लागतो. तो तसाच मागे मागे चालत शेडबाहेर गेला, फाटकाबाहेर गेला, आणि मग रस्त्यावरून त्याच्या धावण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तराजूसाहेब सायकलला धरून खाली बसले होते. तेवढ्यात गळ्यात मोजपट्टी घातलेली बायको घरातून आली.

"काय हे! जरा थांबायचं होतं. आईंचा नेम चाललाय ना."

"आईचा नेम... कुठं?"

"इथंच की. रोज."

पुटपुटणं थांबलं. दीर्घ निःश्वास ऐकू आला. मग जाम असलेल्या डिकीवर आतून दोन थापा पडल्या, बायकोने बाहेरून कमरेचा एक धक्का दिला, आणि ती दुधावरच्या सायीसारखी अलगद उघडली. मागच्या सीटच्या आडव्या पाडलेल्या पाठीवरून आधी एक पाऊल आलं, त्याने स्टूल चाचपलं, मग दुसरं, आणि मग पाठमोरी आई सावकाश खाली उतरली.

"पाच मिनिटं थांब म्हणून बोटं दाखवली मी त्या भल्या माणसाला," ती चष्मा पुसत म्हणाली. "नेमात बोलता येत नाही. गेला का रे तो?"

"डिकी उघडते?" तराजूसाहेबांच्या तोंडून एवढंच फुटलं.

"न उघडायला काय झालं? बाजाराच्या पिशव्या इतकी वर्षं कुठून ठेवत होतो आम्ही?" बायको म्हणाली. "तुम्ही एकदा 'जाम' म्हणालात. तपासलेल्याची पुन्हा तपासणी कोण करतं तुमच्याकडे?"

"पण आई, घर सोडून इथं? या अंधारात?"

आई जरा घुटमळली. तिला कुणाचं मन दुखवणं जमत नसे. "घरात यंत्राचा आवाज असतो, त्याचं काही नाही रे. पोटाचा उद्योग आहे तो, देवालाही कळतं. पण तू संध्याकाळी येतोस आणि मोठ्यानं हिशेब वाचतोस. मला देवाच्या नावामध्ये पेट्रोल यायला लागलं. एकदा तर विमा आला. तेव्हा म्हटलं, आता आपण उठावं."

तराजूसाहेबांना पहिल्या रात्रीचा पाण्याचा पेला आठवला, आणि ते 'माझ्यासारखीच'. काहीतरी काट्यावर चढलं आणि पारडं धाडकन खाली गेलं.

"मग सांगायचं नाही का?"

"'असू दे' म्हणाले होते की मी," आई म्हणाली.

गाडी विकली गेली नाही. तराजूसाहेबांनी स्वतःच्या हातांनी शिक्के तोडले आणि दार उघडून दिलं. एका माणसाच्या बसण्यापुरती, दाराखिडक्या असलेली खोली बांधायची तर काय पडेल, याचा त्यांनी हिशेब मांडला. गाडी स्वस्त निघाली. तो हिशेब त्यांनी मनातल्या मनात वाचला.

"आरसा तेवढा वळवत जाऊ नकोस, आई," त्यांनी सांगितलं. "जुना स्क्रू आहे."

"मी कशाला वळवू? मागे बसते मी. या गुडघ्यांनी पुढे वाकता येतं का मला?"

बायकोनेही हात लावला नव्हता. तराजूसाहेबांनी आरसा सरळ केला आणि स्क्रू सैल असेल असं ठरवून टाकलं.

हळूहळू त्यांनाही सवय लागली. सायकलवरून आलं की ते पुढच्या सीटवर बसत, पाय पसरत, मागे आईचं नामस्मरण चाले आणि गुडघ्यांची कुरकुर हळूहळू निवे. न हलणाऱ्या गाडीइतकं सुख त्यांना चालत्या गाडीने कधी दिलं नव्हतं.

एके संध्याकाळी ते असेच येऊन बसले. मागे पुटपुटणं सुरूच होतं. आज आवाज जरा जड होता. आईला सर्दी झाली असावी. डोळे मिटून त्यांनी थोडा वेळ ऐकलं. डोळे उघडले तेव्हा आरसा पुन्हा वळलेला दिसला. त्यात मागची सीट पुरी दिसत होती.

रिकामी.

शेडच्या तोंडाशी चपला वाजल्या. "आज उशीरच झाला बाई," म्हणत आई आत आली. "सूनबाईची सुई सापडेना, ती शोधत बसले."

तराजूसाहेबांनी मागे बोट केलं. आई दाराशी वाकली, कान देऊन ऐकू लागली. त्याच वाटेने रोज जाणाऱ्याने ऐकावं तसं, ओठ किंचित हलवत. मग तिने समजून मान डोलावली आणि बाहेरच स्टुलावर टेकली.

"याच सीटवर गेले ना ते, त्यांचा राहिला असेल नेम पुरा व्हायचा," ती म्हणाली. "असू दे ना रे. काय खातात ते?"

आतलं पुटपुटणं एकदम भरभर झालं. बाहेर कुणी खोळंबलंय हे कळल्यावर भल्या माणसाचं होतं, तसं.